पाचवं चाक देवाचं

जुना टायर आमच्या कोल्हापुरात कुणी टाकून देत नाही. पत्र्यावर ठेवतात, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून. अंगणात ठेवतात आणि त्यात कढीपत्ता लावतात. अगदीच काही सुचलं नाही तर गोठ्यामागं टाकतात, "लागंल की कधीतरी" म्हणून. किश्श्यांचंही तसंच होतं. आमच्या जीपचा विषय निघाला की बायको आत जाताजाता म्हणते, "झालं, आता पत्र्यावरचं सगळं खाली येणार." येऊ दे की. तुम्हाला तरी कुठं गाडी पकडायचीय? चहा सांगितलाय, बसा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मिलिटरीच्या लिलावातली एक फोर-व्हील जीप आम्ही चौघांनी मिळून घेतली. चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो.

एक डॉक्टर. माणसांचे नव्हेत, जनावरांचे. दुसरे अण्णा, गुळाचे अडते, मूळचे गडहिंग्लजकडचे. घरात कन्नड, दुकानात मराठी आणि रागात दोन्ही. तिसरा सर्जेराव, बिद्रीकडचा ऊसवाला, तरुणपणी तालमीत घुमलेला, आवाज असा की कानात सांगितलेलं गल्लीत ऐकू जायचं. चौथा मी. लक्ष्मीपुरीत माझा छापखाना, लग्नपत्रिका छापायचो. सगळे मला बापू म्हणायचे.

सोमवार ते शनिवार जीप डॉक्टरांकडं. राधानगरी-भुदरगडच्या डोंगरात वाड्यावस्त्यांवर त्यांना जनावरं बघायला जावं लागायचं. रविवारी जीप चौघांची. म्हणजे गरज एकाची आणि हौस तिघांची, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

* * *

पहिल्याच रविवारी पन्हाळ्याच्या रस्त्याला गाडी पंक्चर झाली. चौघंही उतरलो, चाकाभोवती उभे राहिलो आणि चाकाकडं बघत बसलो. वाकायला कुणी तयार नाही.

अण्णांचं धोतर पांढरंशुभ्र. माझी पँट नवीन. सर्जेराव म्हणाला, "गाडी उचलून धरतो, पर खाली वाकाय सांगू नगा." डॉक्टर म्हणाले, "मी आठवडाभर म्हशींच्या मागंच वाकलेला असतो. रविवारी तरी सोडा."

शेवटी मी खिशातली एका लग्नपत्रिकेची कच्ची प्रत काढली आणि फाडून चार चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकाच्या वाट्याला एक चाक. ज्याचं चाक, त्यानं निस्तरायचं. पंक्चर त्यानं काढायचं, हवा त्यानं भरायची, टायर त्यानं घालायचा. पुढचं उजवं डॉक्टरांचं निघालं, पुढचं डावं माझं, मागचं उजवं सर्जेरावचं आणि मागचं डावं अण्णांचं.

"आणि स्टेपनी?" सर्जेरावनं विचारलं.

समोर जोतिबाचा डोंगर दिसत होता. अण्णांनी तिकडं बघून हात जोडले. "पाचवं चाक देवाचं," म्हणाले. आम्हालाही बरं वाटलं. भांडण मिटलं.

मग ध्यानात आलं की पंक्चर झालंय ते मागचं डावं, म्हणजे अण्णांचंच. आणि आता लावायचं काय? स्टेपनी तर नुकतीच देवाला दिली. अण्णांनी पुन्हा डोंगराकडं तोंड केलं आणि मोठ्यानं सांगितलं, "देवा, सांजंपर्यंत उसनं दे. नारळ फोडतो." तेव्हापासून तो नियमच पडला. स्टेपनी काढायची तर आधी नारळ. त्यामुळं आमच्या जीपमध्ये जॅक नसायचा कधीकधी, नारळ मात्र कायम असायचा.

* * *

चाकं वाटून घेतल्यावर माणसाची नजरच बदलते. खड्डा आला की जो तो आपल्या कोपऱ्यातून ओरडायचा, "माझं सांभाळा." गाडी डॉक्टर चालवायचे. त्यांचं एक चाक तेवढं खड्डा चुकवतं, असा आम्हा तिघांचा संशय होता.

एकदा दसरा चौकात हवालदारानं अडवलं. गाडीभोवती फेरी मारली आणि मागच्या डाव्या चाकापाशी थांबला. टायरच्या नक्षीवरून बोट फिरवलं. नक्षी नव्हतीच.

"ह्यो पार गोटा झालाय," तो म्हणाला. "टायर कुणाचा?"

आम्ही तिघांनी एकदम अण्णांकडं बोट केलं. "यांचा."

"आनि गाडी?"

"गाडी चौघांची. टायर यांचा."

अण्णा शांतपणे खाली उतरले. टोपी सारखी केली. "साहेब," म्हणाले, "या तिघांना कामं हायत. त्यांना जाऊ द्या. माझं चाक तेवढं ठेवून घ्या."

हवालदारानं एकदा अण्णांकडं बघितलं, एकदा आमच्याकडं. त्यानं शिट्टी खिशात घातली. "जावा बाबा," म्हणाला. "साहेब यायच्या आत जावा."

* * *

खंडेनवमीला आपल्याकडं गाडीची पूजा करतात. आमच्यात पहिल्याच वर्षी वाद झाला. पूजा चाकाची की गाडीची? आणि कुणाच्या दारात? जीप डॉक्टरांच्या दारात असायची, म्हणजे पुण्य सगळं त्यांच्या घरात जाणार, असं अण्णांचं म्हणणं पडलं.

मग असं ठरलं. आदल्या दिवशी जीप दगडांवर चढवायची. ज्यानं त्यानं आपलं चाक काढून घरी न्यायचं, धुवायचं, पूजा करायची आणि खंडेनवमीला सकाळी पोत्यात गुंडाळून परत आणून बसवायचं. स्टेपनी देवाची, ती डॉक्टरांच्या घरीच राहायची. ऐकून हसताय, पण आम्ही हे वर्षानुवर्षं केलं. गल्लीतले लोक दरवर्षी चार दगडांवरची जीप बघायला यायचे.

मी माझं चाक स्कूटरवरून न्यायचो. बायको रांगोळी काढायची खरी, पण काढताना म्हणायची, "माझ्या शिलाई मशीनला कधी फडकं लावलं नाही तुम्ही." अण्णांचं चाक गुळाच्या हातगाडीवरून जायचं. आणि सर्जेराव? तो चाक खांद्यावर टाकून बिद्रीच्या एसटीत चढायचा.

पहिल्या वर्षी कंडक्टरनं विचारलं, "पावणं, ह्ये काय?"

"चाक."

"ते दिसतंय की. गाडी कुटं हाय?"

"दगडावर," सर्जेराव म्हणाला.

एवढ्यावरून एसटीत चर्चा सुरू झाली. पुढच्या बाकावर गाडी दगडावर आपटली. मधल्या बाकावर ती ओढ्यात गेली. मागच्या बाकापर्यंत जाताजाता गाडी वाहून गेली आणि या गड्यानं तेवढं एक चाक वाचवलं, असं झालं. एका म्हातारीनं आपल्या तांब्यातलं पाणी त्याला दिलं. "जीव वाचला ह्येच लई झालं बाबा," ती म्हणाली.

सर्जेराव पाणी प्यायला. "व्हय मावशी," म्हणाला आणि चाक मांडीवर घेऊन बसला. दुसरं काय सांगणार होता?

* * *

आता मूळ विषय. दोन-तीन वर्षांत चारी टायर एकदम आले बदलायला. आम्ही चौघं मिळून मुल्लाणी मामांच्या टायरच्या दुकानात गेलो. मामा दुकानात गादीवर बसलेले, तोंडात पान.

"चार द्यायचे ना?" मामांनी विचारलं.

"चार," आम्ही म्हणालो. "पण वेगवेगळे."

मामांनी पान गालात सरकवलं. "गाडी एकच आहे ना?"

डॉक्टरांना हवा होता चिखलाचा टायर. खोल, जाड नक्षीचा, चिखल धरणारा आणि झटकून टाकणारा. त्यांचं कारण सरळ होतं. पावसाळ्यात वाड्यांचे रस्ते म्हणजे नुसता चिखलाचा राडा, तिथं साधा टायर चालत नाही. त्यांनी आम्हाला तसाच घ्यायला परोपरीनं सांगितलं. पण प्रत्येकाला आपलं चाक होतं ना.

मी घेतला गुळगुळीत, सरळ रेघांचा, रस्त्यावरचा टायर. कारण आवाज. चिखलाचा टायर डांबरावर घूं घूं करतो आणि बायकोनं बजावलं होतं, "तो आवाज असेल तर मी रविवारी घरी बसेन." अण्णांनी रिमोल्ड घेतला, म्हणजे जुन्याच टायरला वरून नवं रबर चढवलेला. "आतला टायर चांगला असताना टाकायचा का? साकु." साकु म्हणजे पुरे. कन्नडमध्ये सांगितलं की अण्णांशी वाद संपायचा.

सर्जेरावनं टायर निवडला तो बैलबाजारात बैल निवडतात तसा. चहूबाजूनं फिरला, थोपटलं, वास घेतला, एका टायरवर बसून बघितलं. शेवटी सगळ्यात मोठा, ट्रॅक्टरच्या नक्षीचा एक पसंत केला. मग गळ्यातला टॉवेल काढून आपल्या हातावर टाकला आणि हात मामांपुढं केला. जनावरांच्या बाजारात सौदा असा टॉवेलाखाली बोटं धरून करतात, बाहेरच्याला किंमत कळू नये म्हणून.

मामांना हे कुठं माहीत? त्यांनी टॉवेलाखाली हात घातला आणि सर्जेरावचा हात प्रेमानं धरून ठेवला. सर्जेराव बोटं दाबतोय, मामा हसताहेत. बराच वेळ दोघं हात धरून बसले होते. शेवटी मामांनी हळूच विचारलं, "पाटील, घरी सगळं ठीक आहे ना?"

* * *

चार चाकं चार जातीची झाल्यावर गाडी व्हायची तशीच झाली. सर्जेरावचं चाक उंच, अण्णांचं बसकं. जीप एका अंगाला कलून चालायची आणि सोडलं की आपोआप डावीकडं वळायची. पण खरी गंमत व्हायची फोर-व्हीलचा दांडा टाकल्यावर. दांडा टाकला की पुढची आणि मागची चाकं एकत्र जोडली जातात. चारी सारखी असली तर ठीक. नसली तर एक पुढं पळतं, एक मागं राहतं आणि त्या ओढाताणीत दांडा असा आवळतो की निघता निघत नाही.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं स्पष्ट सांगितलं, "चारी टायर एकसारखं घाला, न्हाईतर गाडीच्या पोटातली दातं जात्याल." चौघांनाही पटलं. प्रत्येकजण म्हणाला, "मग त्या तिघांना सांगा की, माझ्यासारखा घालायला."

याच सुमारास अण्णांच्या पुतण्याचं लग्न निघालं, गडहिंग्लजला. नवरदेव जीपमधून न्यायचा ठरला. पुतण्या पुढं बसला, बाशिंग बांधून. आम्ही मागं. शेवटच्या वळणाला चिखल लागला म्हणून डॉक्टरांनी दांडा टाकला. चिखलातून निघालो, डांबरावर आलो, तर दांडा निघेना. मंडप समोर दिसतोय, वाजंत्री सुरू झालीय आणि गाडी पुढं घेतली की जागच्या जागी आवळते. मागं घेतली की मात्र मोकळी होते.

मुहूर्त तर टळू द्यायचा नव्हता. डॉक्टरांनी मागं घेतघेतच गाडी वळवली आणि रिव्हर्समध्येच मंडपाकडं घेतली. नवरदेव पाठमोरा मंडपात आला.

वाजणारी सनई मधेच थांबली. मुलीकडची मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. मुलीची अज्जी, म्हणजे आजी, ओवाळणीचं ताट घेऊन दारातच उभी होती. तिला नीट दिसत नव्हतं. गाडी समोर थांबली आणि तिच्यापुढं आली ती मागं लटकवलेली स्टेपनी. अज्जीनं स्टेपनीला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, मनापासून ओवाळलं.

व्याही अण्णांना बाजूला घेऊन म्हणाले, "कोल्हापुरात अशीच पद्धत आहे काय?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "आमच्याकडं पहिला मान देवाचा."

* * *

पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो वगळला तर शेवटचा कळायचा नाही.

पावसाळ्यातला रविवार होता. आम्ही चौघं राधानगरीला जेवायला निघालो होतो. वाटेत दूध संस्थेच्या दारात एक माणूस हात करत उभा. वाघजाईच्या धनगरवाड्यावर त्याची म्हैस अडली होती. डॉक्टरांनी काही न विचारता गाडी डोंगराकडं वळवली.

वाड्याच्या अलीकडच्या चढाला जीप रुतली. दांडा टाकला. माझं चाक फिरतंय, सर्जेरावचं फिरतंय, अण्णांचं फिरतंय, चिखल उडतोय. डॉक्टरांचं एकटं चाक जमीन धरून गप्प उभं. ज्याला पकड होती ते फिरेना आणि फिरत होती त्यांना पकड नव्हती. सर्जेरावनं मागून खांदा लावला, आम्ही दगड टाकले. शेवटी डॉक्टर बॅग घेऊन उतरले आणि गुडघाभर चिखलातून चालत गेले.

म्हैस वाचली. रेडकू गेलं.

आम्ही मागून पोचलो तेव्हा डॉक्टर गोठ्याच्या दारात हात धूत होते. घरातली बाई त्यांना म्हणत होती, "दमलासा डाक्टर. च्या घ्या." ओरडली असती तर बरं झालं असतं. चहा घेताना डॉक्टर आमच्याकडं बघत नव्हते आणि आम्हीही त्यांच्याकडं बघत नव्हतो.

परत येताना त्यांनी गाडी चालवताचालवताच सांगितलं. पुण्याला एका औषधाच्या कंपनीत नोकरी मिळत होती. दसऱ्याला कळवायचं होतं. "उशिरा पोचून मेलेलं जनावर बघायचं असेल, तर मी इथं कशाला राहू?" ते म्हणाले. "तुमच्यावर राग नाही. पण सारखे चार टायर असते तर आपण चढलो असतो."

त्या दिवशी कुणी कुणाच्या चाकाबद्दल बोललं नाही.

* * *

तरी स्वभाव जातोय कुठं? पुढच्या रविवारी डॉक्टर आले नाहीत. आम्ही तिघं मिसळ खायला बसलो आणि डॉक्टरांना कसं थांबवायचं यावर बोलायला लागलो. दहा मिनिटांत गाडी पुन्हा टायरवर. अण्णा म्हणाले, "रिमोल्डमध्येबी चिखलाची नक्षी मिळते." मी म्हणालो, "आवाजाचं काय?" सर्जेराव म्हणाला, "माझा टायर गावानं बघितलाय. आता काढला तर तोंड कुटं दाखवू?"

शेवटी सर्जेराव म्हणाला, "देवालाच इचारू." त्याच्या गावच्या देवळात कौल लावायची पद्धत आहे. गुरव देवाच्या अंगाला दोन बाजूंना फुलं लावतो, उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आम्ही तिघं जाऊन उभे राहिलो. गुरवानं विचारलं, "काय इचारायचं?"

"कुठला टायर घालायचा," सर्जेराव म्हणाला. "चार परकारचं हायत."

गुरवानं फुलांची थाळी खाली ठेवली. "पावणं, देवाला डावं-उजवं दोनच असतंय. चार कुटनं आणू?" मग आमच्या तोंडाकडं बघून म्हणाला, "आनि जे मनात हाय ते करायला देवाला कशाला इचारताय?"



* * *

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नेहमीप्रमाणं डॉक्टरांच्या दारात जीप दगडांवर चढवली. ज्यानं त्यानं आपलं चाक काढलं. डॉक्टर नीट बोलले, हसले, पण पुण्याचं काय ठरलं ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. दसऱ्याला कळवायचं म्हणजे मधे एकच दिवस उरला होता.

मी चाक स्कूटरवर घेऊन निघालो, पण घरी गेलो नाही. सरळ मुल्लाणी मामांच्या दुकानात गेलो. "मामा, डॉक्टरांनी घेतला तसला चिखलाचा टायर द्या," म्हणालो. ते दोघे आपला हट्ट सोडणार नाहीत हे मला माहीत होतं. पण निदान डॉक्टर जाताना त्यांना दिसावं, की एकानं तरी ऐकलं. मामा टायर चढवताना नुसते हसत होते. मला वाटलं, पानामुळं बोलत नसतील.

घरी आल्यावर बायकोनं टायर बघितला. मी म्हणालो, "आवाज येईल."

"येऊ दे," ती म्हणाली. "डॉक्टर गेले तर तुम्ही रविवारी घरीच असाल. त्यापेक्षा आवाज परवडला." आणि तिनं त्या वर्षी सगळ्यात मोठी रांगोळी काढली.

सकाळी पोत्यात गुंडाळलेलं चाक घेऊन मी डॉक्टरांच्या दारात पोचलो. अण्णांची हातगाडी आधीच लागली होती. सर्जेराव खांद्यावर पोतं घेऊन फाटकातून येत होता. डॉक्टरांनी आपलं चाक आधीच बसवलं होतं, झेंडूची माळ घालून.

आमचं तिघांचं लक्ष एकदमच तिकडं गेलं. टायर नवा होता. गुळगुळीत, सरळ रेघांचा. रस्त्यावरचा.

"तुमच्यासारखाच घेतला बापू," डॉक्टर मला म्हणाले. "तुम्हाला रविवारी रस्त्यावरच फिरायचं असतं. पुढचे दोन तरी सारखे झाले तर गाडी नीट पळेल. मला काय आता चिखलात जायचं नाही." त्यांचा आवाज साधा होता. पण चिखलाचा टायर काढून ठेवलेला डॉक्टर म्हणजे पुण्याला निघालेला डॉक्टर, हे आम्हाला सांगावं लागलं नाही.

डॉक्टरांची बायको, आमच्या वहिनी, ओवाळणीचं ताट घेऊन दारात येऊन थांबल्या होत्या.

मग सर्जेरावनं खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं आणि सोडलं. आत चिखलाचा टायर. कोरा करकरीत, डॉक्टरांच्या जुन्या टायरसारखाच.

अण्णांनी हातगाडीवरचं पोतं सोडलं. चिखलाचा टायर. रिमोल्ड नव्हे, नवा.

मी माझं सोडलं.

मुल्लाणी मामा का हसत होते ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टर एकेका चाकाकडं बघत राहिले. सर्जेरावचं, अण्णांचं, माझं, आणि मग आपलं. चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले. सर्जेरावनं घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला. "डागदर, आता तुमच्याच चाकामुळं गाडी लंगडी झाली की."

"तुमचा जुना कुठं आहे?" मी विचारलं.

"तो..." डॉक्टर म्हणाले. "तो चांगला होता अजून. टाकवेना. म्हणून देवाच्या चाकावर चढवला."

आम्ही सगळे जीपच्या मागं गेलो. स्टेपनीवर डॉक्टरांचा चिखलाचा टायर, धुतलेला, कुंकू लावलेला. सर्जेरावनं लगेच पान्हा मागितला.

"अहो, देवाचं आहे ते," डॉक्टर म्हणाले. "उसनं घेतलं तर सांजेपर्यंत परत द्यावं लागेल."

"उसनं न्हाय," सर्जेराव म्हणाला. "बदली."

"अण्णा," मी म्हणालो, "आणि देवाला काय हा गुळगुळीत टायर द्यायचा?"

अण्णांनी जीपमधला नारळ काढला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टरांनी तो घेतला, वहिनींकडं एकदा बघितलं आणि दगडावर फोडला. मग पान्हा घेऊन स्वतःच आपल्या चाकाचे नट सोडायला खाली वाकले.

"देऊ की गुळगुळीत," अण्णा म्हणाले. "देवाला कुठं चिखलात जायचंय?"